जुहू ते सहार : मुंबईच्या हवाई वाहतूक नियंत्रणाची वाटचाल

१५ ऑक्टोबर १९३२च्या दुपारी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. भारतीय कंपनीच्या नियमित हवाई टपालाचा आरंभ म्हणून ही तारीख सर्वांना ठाऊक आहे. आपल्या सेवेचा इतिहास लिहिताना त्याच प्रसंगाची दुसरी बाजू नोंदवायला हवी. त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. वारा कुठला, मैदान मोकळे आहे का, समोरून कोणी येत आहे का, यातले काहीही जमिनीवरून त्यांना सांगण्याची सोय नव्हती. वैमानिकाने आपल्या डोळ्यांनी पाहायचे, आपणच ठरवायचे आणि उतरायचे, अशी ती रीत होती. आकाशात गर्दीच नव्हती म्हणून ती चालली.

जुहूचे मैदान १९२८पासून नागरी उड्डाणांसाठी वापरात होते. टाटांचे तिथले कार्यालय म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात मैदानात चिखल होई आणि मग सगळा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दिल्लीत नागरी विमान वाहतुकीचे खाते १९२७ साली स्थापन झाले होते, १९३४ साली विमानांविषयीचा कायदा झाला आणि १९३७ साली त्याखालचे नियम आले. पण कायदा होणे वेगळे आणि हवेतल्या विमानाशी बोलता येणे वेगळे.

ही बोलण्याची विद्या तोवर परदेशांत आकार घेत होती. लंडनजवळच्या क्रॉयडनला १९२० साली खांबांवर उभारलेली, चारी बाजूंना खिडक्या असलेली एक खोली बांधली गेली. नियंत्रण मनोऱ्याचा इतिहास तिथून मोजतात. दोनच वर्षांनी, ७ एप्रिल १९२२ रोजी, लंडन-पॅरिस मार्गावरची दोन विमाने उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात समोरासमोर धडकली आणि सात जणांचा जीव गेला. दोघेही खालचा रस्ता बघत उडत होते. आकाश कितीही मोठे असले तरी सगळे त्याच वाटेने जाऊ लागले की ते अरुंद होते, हे तेव्हा प्रथम कळले. अमेरिकेत सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग नावाचा माणूस हातात दोन झेंडे घेऊन उभा राहू लागला. एक 'जा' सांगायला, दुसरा 'थांब' सांगायला. १ डिसेंबर १९३५ला नेवार्क येथे काही विमान कंपन्यांनीच मिळून मार्गावरच्या वाहतुकीचे पहिले केंद्र उघडले. नकाशावर विमानाच्या नावाचे छोटे ठोकळे सरकवत ते काम चाले. पुढच्याच वर्षी सरकारने ते ताब्यात घेतले. कंपन्यांची आपसातली सोय म्हणून सुरू झालेले काम सरकारी जबाबदारी बनले, आणि पुढे जगात बहुतेक ठिकाणी तसेच घडले.

रडारचा जन्म मात्र युद्धाच्या धास्तीतून झाला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी एका बाँबर विमानावरून परत येतात हे दाखवून दिले. महायुद्ध पेटेपर्यंत ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी होती. या साखळीचे कौतुक होते तेव्हा अँटेनांचेच होते. मला त्यांच्याइतकीच मोलाची वाटतात ती मागच्या खोल्यांमधली टेबले. वेगवेगळ्या केंद्रांवरून दूरध्वनीने आलेली माहिती तिथे पडताळली जाई, नकाशावर मांडली जाई आणि मगच लढाऊ विमानांना दिशा दिली जाई. माहिती एका जागी आणायची, तिच्यातला गोंधळ निस्तरायचा आणि वैमानिकाला एकच स्पष्ट वाक्य सांगायचे, हीच आजच्या एरिया कंट्रोलची, म्हणजे मार्गावरच्या विमानांच्या नियंत्रणाची, पद्धत आहे.

महायुद्धानेच मुंबईला सांताक्रूझ दिले. जुहूपासून हाकेच्या अंतरावर तिथे जुहूपेक्षा बरेच मोठे मैदान तयार झाले आणि १९४२ ते १९४७ या काळात तिथे ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या होत्या. युद्ध संपल्यावर ते नागरी वापरासाठी सुपूर्द झाले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि मुंबई आंतरराष्ट्रीय नकाशावर आली. त्याआधी ७ डिसेंबर १९४४च्या शिकागो करारावर भारताने सही केली होती. त्या करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वाहतूक नियंत्रणाची कार्यपद्धती जगभरासाठी एकच ठेवली. त्या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजाचा 'डॉक ४४४४' हा आकडा आमच्या पेशातल्या प्रत्येकाला आपल्या घराच्या पत्त्यासारखा पाठ असतो. प्रशिक्षणासाठी १९४८ साली अलाहाबादजवळ बमरौली येथे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या टॉवरमध्ये उभे राहिलेल्या कित्येक पिढ्या तिथूनच शिकून आल्या.

रडार नसताना नियंत्रक वाहतूक कशी सांभाळत असे, हे नव्या मंडळींनी नीट समजून घ्यावे. त्याच्यासमोर स्ट्रिपांचा बोर्ड असे. बोटाएवढी रुंद कागदी पट्टी, प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवलेली. तिच्यावर विमानाचे कॉलसाइन, प्रकार, कुठून कुठे, कोणती उंची आणि वाटेतल्या ठरावीक ठिकाणांच्या अंदाजे वेळा. वैमानिक रेडिओवर सांगायचा की अमुक ठिकाण ३२ मिनिटांनी ओलांडले, पुढचे ४७ला. नियंत्रक तो आकडा लिहायचा, शेजारच्या स्ट्रिपशी ताडून बघायचा आणि दोन विमाने एकाच उंचीवर, एकाच वाटेवर दहा मिनिटांपेक्षा जवळ येत असतील तर एकाला वर किंवा खाली ठेवायचा. लिहिलेला आकडा बदलला तर तो खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि नवा बाजूला लिहायचा, म्हणजे काय ठरले होते आणि काय बदलले ते मागून येणाऱ्यालाही वाचता येईल. ४८० नॉट वेगाच्या जेटसाठी दहा मिनिटे म्हणजे ८० नॉटिकल मैल, मुंबई-पुणे हवाई अंतरापेक्षाही जास्त. एवढी मोकळी जागा राखायची, कारण वैमानिकाने सांगितलेली जागा खरी आहे की नाही हे तपासायला दुसरा मार्गच नव्हता.

आणि ती जागा नेहमी खरी नसे. ७ जुलै १९६२च्या पावसाळी रात्री अलितालियाचे डीसी-८ बँकॉकहून मुंबईकडे येत होते. आपण मुंबईच्या बरेच जवळ पोहोचलो असे वैमानिकांना वाटले आणि ते उतरू लागले. प्रत्यक्षात विमान जुन्नरच्या डोंगराळ मुलखावर होते. ते दावंड्याच्या डोंगराला धडकले आणि विमानातले ९४ही जण मृत्युमुखी पडले. जागेचा अंदाज चुकला आणि अंधारात वेळेआधी खाली आले, हे चौकशीत निष्पन्न झाले. या अपघाताचा विचार मनात आला की मला त्या रात्री मुंबईत ड्यूटीवर असलेल्या माणसाची आठवण येते. त्याच्या स्ट्रिपवर लिहिलेले सगळे आकडे वैमानिकाने सांगितल्याप्रमाणेच होते. ते तपासता येईल असे त्याच्या हातात काहीच नव्हते.

रडार असले की असे होणार नाही, असे कोणालाही वाटेल. चार वर्षांतच त्याचे उत्तर आले, आणि ते मुंबईला फार जवळून लागले. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७०७ 'कांचनजंगा' मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होते. त्यात डॉ. होमी भाभा होते. विमानातल्या दिशादर्शक यंत्रणांपैकी एक बंद होती आणि मॉं ब्लां शिखराच्या संदर्भात आपण नेमके कुठे आहोत याचा वैमानिकाचा हिशेब चुकला. जिनिव्हाच्या रडारवर नियंत्रकाला विमानाची खरी जागा दिसत होती. त्याने चूक ओळखली आणि वैमानिकाला तसे सांगितलेही. पण ते सांगणे पुरेसे नेमके नव्हते. आपण डोंगराची कड ओलांडली, असा त्यातून वैमानिकाचा समज झाला आणि उतरणे चालूच राहिले. ११७ जण गेले. फ्रेंच चौकशी अहवालाने शब्दयोजनेतल्या या नेमकेपणाच्या अभावावर स्पष्ट बोट ठेवले आहे. माझ्या मते आपल्या पेशात शिकवण्यासारखा याहून मोठा धडा नाही. पडद्यावर सत्य दिसणे हे अर्धेच काम आहे. ते सत्य दुसऱ्याच्या कानापर्यंत जसेच्या तसे पोहोचवणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक कठीण.

दोन मैदाने इतकी जवळ असण्याचा घोरही मुंबईला बरीच वर्षे होता. जुहूची आणि सांताक्रूझची मुख्य धावपट्टी जवळपास एकाच दिशेला, एकामागोमाग. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसते. २४ सप्टेंबर १९७२ला सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूवरच उतरले. ती धावपट्टी एवढ्या विमानाला पुरणार कशी? विमान पुढे निघून गेले आणि निकामी झाले, पण १२२ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

प्रशासकीय बदल थोडक्यात सांगून पुढे जातो. मुंबईसह मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ १९७२ साली नव्या प्राधिकरणाकडे गेले, पण हवाई वाहतूक नियंत्रण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेच राहिले. १९८६ साली ते राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडे आले आणि १ एप्रिल १९९५ रोजी दोन्ही प्राधिकरणे मिळून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. पुढे मुंबई विमानतळ चालवण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले तरी आकाशाचे नियंत्रण प्राधिकरणाकडेच आहे. हे वाचकांपैकी अनेकांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगितले.

यंत्रांचे मात्र सविस्तर सांगायला हवे. सुरुवातीची रडार 'प्रायमरी' जातीची. जमिनीवरून लहर सोडायची, विमानावर आपटून येणारा प्रतिध्वनी टिपायचा. एका नॉटिकल मैलाच्या जाण्यायेण्याला साधारण १२.४ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून अंतर कळते. अडचण अशी की परतणाऱ्या लहरीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो. शिवाय लहरीला विमान आणि ढग यांतला फरक कळत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात प्रायमरी रडारवर बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. नैर्ऋत्य मोसमी ढगांचा थर स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यावर, पसरला की त्यातून विमानाचा ठिपका शोधून तो नजरेआड होऊ न देणे हे डोळे दुखवणारे काम होते. आणि एवढे करून तो ठिपका मुका. कोणाचा आहे हे तो सांगत नाही, किती उंचीवर आहे हेही सांगत नाही. वैमानिकाला वळायला लावून, वळला तो ठिपका त्याचा, अशी ओळख पटवावी लागे.

'सेकंडरी' रडारने हे सगळे बदलले. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखण्याच्या युद्धकाळातल्या युक्तीतून ते आले. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो, विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. उत्तरात चार अंकी कोड असतो, प्रत्येक अंक शून्य ते सात, म्हणजे एकूण ४,०९६ कोड. त्यातले ७५००, ७६०० आणि ७७०० अनुक्रमे अपहरण, रेडिओ बंद आणि संकट यांसाठी राखून ठेवलेले. आणि कोडच्या जोडीला उंची. ठिपक्याशेजारी विमानाचे नाव आणि आकडा उमटू लागला, तेव्हा नियंत्रकाचे ओझे किती हलके झाले असेल ते ज्याने जुना स्कोप वापरला त्यालाच कळेल.

दिल्लीला ही यंत्रणा बसवण्याचे काम सुरू असतानाच १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ आली. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ चढत होते, कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन-७६ उतरत होते. दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे असल्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता. सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहायला सांगितले होते, कझाक विमानाला १५,०००वर. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने कझाक वैमानिकाला दिली होती. तरी ते विमान १४,०००पर्यंत खाली आले. चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने कोसळली आणि ३४९ जण मरण पावले. हवेतल्या टकरीत एवढे बळी जगात कधीही गेलेले नाहीत. नियंत्रकासमोरच्या रडारवर दोन ठिपके होते, उंची मात्र नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने कझाक विमानाने परवानगीशिवाय उंची सोडल्याचे कारण दिले आणि त्या कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हेही नोंदवले. म्हणजे जुन्नरला नजर नव्हती, मॉं ब्लांला नजर होती पण शब्द कमी पडले, आणि चरखी दादरीला दोन्हींत उणीव राहिली.

त्यानंतर बदल वेगाने झाले. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. समोरच्या विमानाचा इशारा वैमानिकालाच थेट देणारी टक्करविरोधी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. दिल्ली आणि मुंबईच्या नियंत्रण केंद्रांचे आधुनिकीकरण त्याच दशकात पार पडले. २७ नोव्हेंबर २००३पासून २९,००० फुटांवरच्या विमानांमधले उभे अंतर २,००० फुटांवरून १,००० फुटांवर आले. तेवढ्याच आकाशात नवे थर मिळाले.

मुंबईचे क्षेत्र जमिनीपुरते असते तर गोष्ट इथे संपली असती. पण आपल्या हद्दीचा मोठा भाग अरबी समुद्रावर पसरला आहे. कराची, मस्कत, मोगादिशू यांच्या हद्दी तिला भिडतात. भारताच्या जबाबदारीतले एकूण हवाई क्षेत्र सुमारे २८ लाख चौरस नॉटिकल मैल, त्यातले १७ लाखांहून अधिक समुद्रावरचे. खोल समुद्रावर रडार बसवता येत नाही. तिथे वर्षानुवर्षे एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) रेडिओच्या खरखरीतून जागा विचारायची, ती वाचून दाखवायची, पुन्हा खात्री करायची, आणि स्ट्रिप लिहायची. म्हणजे १९६२च्या मुंबईची पद्धत समुद्रावर कितीतरी नंतरपर्यंत चालू होती. आता उपग्रहामार्फत विमान आपली जागा आपणहून कळवते आणि सूचना मजकुराच्या रूपात जातात. उपग्रहाच्या आधाराने दिशादर्शन सुधारणारी इस्रो आणि प्राधिकरणाची 'गगन' प्रणालीही कामाला लागली आहे. एवढे सगळे असूनही समुद्रावरच्या सेक्टरमध्ये बसणाऱ्याला जुनी प्रोसीजरल, म्हणजे रडारशिवायची, विद्या यावीच लागते, आणि ती शिकवण्यात हयगय होऊ नये असे मला कळकळीने वाटते. यंत्र बंद पडते तेव्हा नेमकी तीच लागते.

सांताक्रूझ विमानतळाचाच भाग असलेल्या सहारच्या वाढीबरोबर टॉवरही उंच झाला. २०१३ साली सुमारे ८४ मीटर उंचीचा नवा मनोरा उभा राहिला, त्या वेळी देशातला सर्वांत उंच. त्याच्या काचेमागेही हातात धरायची सिग्नलची बत्ती आहे. रेडिओ बंद पडलेल्या विमानाला स्थिर हिरवा प्रकाश म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. आर्ची लीगच्या झेंड्यांचे काम आज ती बत्ती करते.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. त्याच एका धावपट्टीवर डिसेंबर २०१८मध्ये एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली. दिवसाच्या २४ तासांत १,४४० मिनिटे. सरासरी दीड मिनिटाला एक उड्डाण किंवा एक उतरणे, आणि त्या प्रत्येकामागे एक सूचना आणि वैमानिकाचा रीडबॅक, म्हणजे तीच सूचना परत म्हणून दाखवणे. त्या दिवसाची बातमी झाली ती आकड्यामुळे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की त्या १,००७मधली एकही गोष्ट चौकशी अहवालात गेली नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. आता एकाच शहराच्या आकाशात दोन मोठ्या विमानतळांची वाहतूक शेजारी-शेजारी बसवायची आहे, आणि आजच्या पिढीचे ते सर्वांत अवघड काम असेल.

हा इतिहास लिहिताना एक गोष्ट सतत जाणवली. अपघातांच्या दिवसांची नोंद आपल्याला तपशीलवार मिळते. अपघात न झालेल्या हजारो दिवसांची मिळत नाही. रेडिओवरच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण नियमाने किमान ३० दिवस ठेवावे लागते, चौकशी नसेल तर नंतर ते पुसले जाते. स्ट्रिपाही मुदत संपली की जातात. सांताक्रूझच्या जुन्या टॉवरमध्ये, एचएफच्या खोलीत, पहिल्या स्कोपवर ज्यांनी काम केले त्यांच्या हातचे फारच थोडे आज आपल्याजवळ आहे. म्हणून निवृत्त सहकाऱ्यांना आणि दिवंगत सहकाऱ्यांच्या कुटुंबीयांना विनंती आहे. आपल्या घरी जुने छायाचित्र, प्रशिक्षणाची वही, लॉगबुक, शिफ्टचे वेळापत्रक, बमरौलीचे प्रमाणपत्र, चुकून खिशात राहून गेलेली एखादी स्ट्रिप असेल तर ती टाकून देऊ नका. मूळ कागद आपल्याकडेच ठेवा, पण त्याची प्रत आणि मागे तारीख, ठिकाण, नावे लिहून स्मरणिका समितीकडे पाठवा. पुढची आवृत्ती त्यातूनच लिहिली जाईल.